यंत्राची हमी आणि चिखलणीचे दिवस

शेतकऱ्यानें यंत्र घ्यावें, असा उपदेश आज सर्व बाजूंनीं होत आहे. सरकार अनुदान देतें, बँका कर्ज देतात, विक्रेते गांवोगांव यंत्रें चालवून दाखवितात. हा उपदेश खोटा आहे असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. मुळशी तालुक्यांत बैलजोडी सांभाळणें आतां किती घरांना परवडतें आणि आवणीच्या दिवसांत माणसें मिळविण्यासाठीं किती उंबरे झिजवावे लागतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु यंत्र विकत घेणें ही एक गोष्ट आहे आणि तें ऐन कामाच्या दिवशीं चालतें राहणें ही दुसरी. पहिल्या गोष्टीसाठीं योजना पुष्कळ आहेत. दुसरीचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. त्या दुसऱ्या गोष्टीविषयीं चार शब्द लिहावे, असें गेल्या कांहीं हंगामांतील अनुभवावरून आम्हांस वाटूं लागलें आहे.

प्रथम आमच्या एका सभासदाची हकीकत सांगतों. हे गृहस्थ कोळवण खोऱ्यांतील. त्यांनीं अनुदानाचा अर्ज केला, मंजुरी आली आणि मार्च महिन्यांत पॉवर टिलर घरीं आला. पूजा झाली, पेढे वांटले गेले. यंत्र तीन महिने गोठ्यांत झांकून ठेवलें. जूनच्या अखेरीस पाऊस लागला, खाचरें भरलीं आणि चिखलणी सुरूं झाली. चौथ्या दिवशीं गिअरपेटींतून खरखर ऐकूं येऊं लागली. पांचव्या दिवशीं यंत्र बांधावर उभें राहिलें. विक्रेत्यास फोन केला. "काका, पाऊस लागला कीं सगळ्यांचींच मशिनें येतात; तुमचा नंबर लागेल," असें उत्तर मिळालें. मिस्त्री आला तो नवव्या दिवशीं. त्यानें तेल काढून पाहिलें, तें दुधासारखें पांढरें झालेलें होतें. फिरत्या पात्यांच्या दांड्यावरील ऑईल सील गेलें होतें, त्या वाटेनें चिखलाचें पाणी पेटींत शिरलें होतें आणि त्या पाण्यानें बेअरिंग खाल्लें होतें. निदान बिनचूक होतें. परंतु हमीचा प्रश्न निघाला तेव्हां उत्तर आलें तें असें: सील हा झिजणारा भाग आहे, तो हमींत येत नाहीं, बेअरिंग हमींत येतें, पण तें पाण्यानें बिघडलें, आणि पाणी शिरणें हा वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा होय. सुटे भाग येण्यास आणखी दहा दिवस गेले. खर्च सभासदानें आपल्या खिशांतून केला. आणि पुढल्या वर्षी जून उजाडला तेव्हां हमीची मुदत मार्चमध्येंच संपून गेलेली होती.

या हकीकतींत कोणी लबाडी केली असें आम्ही म्हणत नाहीं. विक्रेत्यानें कागदावर जें लिहिलें होतें तेंच केलें. आमची तक्रार त्या माणसाविषयीं नसून त्या कागदाविषयीं आहे. तो कागद ज्यानें लिहिला त्यानें मुळशीचा पावसाळा पाहिलेला नाहीं, एवढेंच आम्हांस दाखवावयाचें आहे.

मुळशीच्या जमिनीची ठेवण ज्यांना ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. मुळा नदीच्या खोऱ्यांतील मोठी भातजमीन शंभर वर्षांपूर्वीं धरणाखालीं गेली; त्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळांत सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं झालेला सत्याग्रह महाराष्ट्रास ठाऊक आहे. आज जी भातशेती उरली आहे तिचा बराच भाग उतारावर ताली घालून केलेल्या लहान लहान खाचरांचा आहे. या खाचरांत मोठा ट्रॅक्टर शिरत नाहीं, शिरला तर वळत नाहीं, आणि वळला तर बांध फोडतो. म्हणून दोन हातांनीं धरून चालवावयाचा पॉवर टिलर हेंच येथलें खरें यंत्र. तो बांधावरून चढवितां येतो, पुढें लोखंडी चाकें लावून गुडघाभर चिखलांत चालवितां येतो, आणि बैलांचें दिवसाचें काम थोड्या तासांत उरकतो. ज्या घरीं तो आला त्या घरचे बैल बहुधा बाजार दाखवून झालेले असतात. म्हणजे यंत्र बंद पडलें तर मागें परतण्याची वाट राहिलेली नसते. जुन्या काळीं एक बैल लंगडला तर शेजाऱ्याचा बैल मागून वेळ निभावून नेतां येत असे. आज शेजाऱ्याकडेही बैल नाहीं आणि त्याचें यंत्र त्याच्याच खाचरांत गुंतलेलें आहे.

आतां वेळेचा हिशेब पहा. वडगांव मावळच्या भात संशोधन केंद्रानें १९८७ सालीं प्रसारित केलेला इंद्रायणी वाण आपल्या भागांत घरोघर आहे. भाताचें रोप एकवीस ते पंचवीस दिवसांचें असतांना लावावें, असें शास्त्र सांगतें आणि आपला अनुभवही तेंच सांगतो. रोप गादीवर अधिक दिवस राहिलें तर तें तेथेंच कांडी धरूं लागतें. मग लावणीनंतर त्याला फुटवे कमी येतात आणि लोंब्याही त्या मानानें कमी. चिखलणी ही आवणीच्या आदल्या दिवशीं किंवा त्याच दिवशीं व्हावयाची गोष्ट आहे. ती महिनाभर आधीं उरकून ठेवतां येत नाहीं. खाचरांत पाणी उभें राहिल्याशिवाय ती होत नाहीं आणि चिखल बसून घट्ट झाला तर तिचा उपयोग राहत नाहीं. म्हणजे यंत्राची गरज वर्षांतून जेमतेम तीन-चार आठवडे. परंतु त्या तीन-चार आठवड्यांत गेलेला एक दिवस पुढच्या अकरा महिन्यांत कोणत्याही उपायानें परत मिळत नाहीं. आमच्या वर सांगितलेल्या सभासदाचें यंत्र एकोणीस दिवस बंद होतें. कागदावर तीनशें पासष्ट दिवसांपैकीं एकोणीस दिवस ही गोष्ट किरकोळ दिसते. खाचरांत पाहिलें तर तो सबंध हंगाम होता.

येथेंच आमच्या म्हणण्याचें मर्म आहे. हमी महिन्यांनीं मोजली जाते आणि शेती हंगामांनीं मोजली जाते. मोटारगाडी बारा महिने रस्त्यावर धांवते. तिच्या वर्षाच्या हमींत बारा महिन्यांची परीक्षा होते. भातशेतकऱ्याच्या पॉवर टिलरची वर्षाच्या हमींत एकाच चिखलणीची परीक्षा होते. ती हमी मार्चमध्यें सुरूं झाली असेल तर पहिले तीन महिने गोठ्यांतील अंधारांत जातात, आणि दुसरी चिखलणी येण्यापूर्वींच ती संपते. यंत्र निकृष्ट आहे कीं उत्तम आहे हें कळावयास एक पावसाळा कधींच पुरत नाहीं; कारण पहिल्या पावसाळ्यांत सील थोडें झिजतें, दुसऱ्यांत गळूं लागतें आणि तिसऱ्यांत गिअरपेटी उघडावी लागते. जी हमी दोष प्रकट होण्याच्या आधींच मावळते तिला हमी म्हणावें कीं केवळ शोभेचा कागद, याचा विचार सुज्ञ वाचकांनींच करावा.

दुसरा मुद्दा झिजणाऱ्या भागांचा. सील, बेल्ट, क्लचच्या चकत्या, पातीं हे भाग झिजावयाचेच, त्यांची हमी कारखानदारानें देऊं नये, हें म्हणणें एका मर्यादेपर्यंत रास्त आहे. विळ्याची धार गेली म्हणून कोणी लोहाराकडे नुकसानभरपाई मागत नाहीं. परंतु चिखलणीच्या यंत्रांत सील हें द्वारपालासारखें आहे. त्यापलीकडे तेल, बेअरिंग आणि दांतेरी चक्रें. अलीकडे पाणी, वाळू आणि भाताचें जुनें काड. काड दांड्याला गुंडाळलें जातें, सीलच्या ओठाखालीं शिरतें आणि वाट करून देतें. चिखलांत चालण्यासाठीं म्हणून विकलेल्या यंत्राचें सील चार दिवसांच्या चिखलांत जात असेल, तर ती झीज म्हणावयाची कीं घडणींतील उणीव? आणि द्वारपाल हमीबाहेर ठेवून आंतल्या सर्व घराची हमी देणें, व चोर आला तर दार उघडें राहिल्याचा दोष घरधन्यास देणें, यांत हमीचें काय उरलें?

परंतु न्यायाची गोष्ट बोलावयाची तर आपल्या बाजूचे दोषही सांगितले पाहिजेत. किती सभासदांनीं आपल्या यंत्राबरोबर आलेली पुस्तिका वाचली आहे? ती इंग्रजी किंवा हिंदी असते ही अडचण खरी. पण घरांतील शिकलेल्या मुलामुलींस तरी ती वाचावयास सांगितली आहे काय? पहिल्या ठराविक तासांनंतर तेल बदलावें आणि मोफत तपासणी करून घ्यावी, ही हमीची शर्त असते. ती तपासणी आपण "यंत्र चांगलें चाललें आहे, आतां कशाला" म्हणून टाळतों, आणि पुढें दावा सांगतांना तीच चूक आपल्या अंगावर येते. दिवसाचें काम संपल्यावर दांड्याचें काड काढणें, यंत्र धुणें, तेलाचा रंग पाहणें, हवेची जाळी साफ करणें, हें बैलाला वैरण टाकण्याइतकेंच नित्याचें काम आहे. बैल हंबरून आठवण देतो; यंत्र देत नाहीं, एवढाच फरक. शिवाय पावसाळा संपतांच चिखलासकट कोपऱ्यांत लोटलेलें यंत्र एकदम पुढल्या जूनमध्यें बाहेर काढावयाचें, आणि तें सुरूं झालें नाहीं म्हणून कंपनीस शिव्या द्यावयाच्या, हेंही आपल्यापैकीं कांहींजण करितात. जो आपलें कर्तव्य लिहून ठेवीत नाहीं त्याला दुसऱ्याचें कर्तव्य दाखवितां येत नाहीं.

कायद्याचा आधार आपणांस आहे कीं नाहीं, हा प्रश्न पुष्कळ सभासद विचारतात. आधार आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा अंमल जुलै २०२० पासून सुरूं झाला. व्यापारी कामासाठीं घेतलेला माल या कायद्यांतून वगळलेला आहे; परंतु स्वतःच्या श्रमानें उपजीविका करण्यासाठींच जो माल घेतो त्याला हा अपवाद लागत नाहीं. आपल्या खाचरांत आपण स्वतः राबविण्यासाठीं यंत्र घेणारा शेतकरी ग्राहक ठरतो. बियाण्यांच्या बाबतींत शेतकरी हा ग्राहक होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं राष्ट्रीय बियाणें महामंडळाच्या प्रकरणांत दिलेला आहे. तक्रार आपण राहतों त्या जिल्ह्याच्या आयोगापुढें करितां येते. कंपनीचें मुख्य ठाणें बंगळुरांत असो कीं कोलकात्यांत, आपणांस पुण्यापलीकडे जावें लागत नाहीं. पांच लाख रुपयांपर्यंतच्या मालाविषयींच्या तक्रारीस फी नाहीं. तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत ती दाखल झाली पाहिजे. त्याआधीं १९१५ या क्रमांकाच्या राष्ट्रीय मदतवाहिनीवर गाऱ्हाणें नोंदवून पाहतां येतें.

याहून जुना आधार १९३० च्या मालविक्री कायद्याचा आहे. घेणारानें माल कोणत्या विशिष्ट कामासाठीं पाहिजे हें विक्रेत्यास कळविलें आणि त्याच्या जाणतेपणावर विसंबून माल घेतला, तर तो माल त्या कामास योग्य असला पाहिजे, असें हा कायदा गृहीत धरतो. मात्र नांव सांगून, अमुक कंपनीचें अमुक यंत्र द्या म्हणून मागितलें, तर हा आधार सैल पडतो. म्हणून बिलावर किंवा मागणीपत्रावर "भातखाचरांत चिखलणी करण्यासाठीं" हे चार शब्द लिहून घेण्यास कोणीही विसरूं नये. चार शब्दांना पैसा पडत नाहीं.

तथापि कायद्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. तपासणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत आणि मालाची तपासणी करावी लागली तर पांच महिन्यांत तक्रारीचा निकाल करण्याचा प्रयत्न व्हावा, असें कायद्यांतच म्हटलें आहे. समजा, सर्व कांहीं तंतोतंत या मुदतींत झालें. जुलैच्या पहिल्या आठवड्यांत केलेल्या तक्रारीचा निकाल ऑक्टोबरांत किंवा डिसेंबरांत लागेल. तोंपर्यंत भात कापून खळ्यावर आलेलें असेल, किंवा आलेलें नसेल. आयोग पैसे देववील. पण रोपाचें वय कमी करणें कोणत्याही आयोगाच्या हातीं नाहीं. म्हणून कायदा हा शेवटचा उपाय आहे. पहिला उपाय खरेदीच्या वेळींच केला पाहिजे.

हें गाऱ्हाणें केवळ मुळशीचें आहे असें कोणी समजूं नये. अमेरिकेंत शेतावर हिंडण्यासाठीं, चारा-कुंपणाचें सामान नेण्यासाठीं दोन माणसें शेजारीं शेजारीं बसतील अशी उघडी चारचाकी गाडी पुष्कळ शेतकरी वापरतात. तेथील पोलारिस या मोठ्या कंपनीस एप्रिल २०१६ मध्यें अशा सुमारें एक लाख तेहतीस हजार गाड्या आग लागण्याच्या धोक्यामुळें दुरुस्तीसाठीं परत बोलवाव्या लागल्या. आणि सदोष गाड्यांची माहिती सरकारास वेळेवर दिली नाहीं या आरोपावरून २०१८ सालीं दोन कोटी साडेबाहत्तर लाख डॉलर भरावे लागले. आपल्या देशांतही याच कंपनीनें आयशर कंपनीशीं भागीदारी करून २०१५ सालीं मल्टिक्स नांवाचें, खेडेगांवांतील धंदेवाल्यांसाठीं म्हणून एक वाहन जयपूरच्या कारखान्यांतून बाजारांत आणलें. माणसें न्यावीं, माल न्यावा आणि प्रसंगीं त्याच्यावर वीजही निर्माण करावी, अशी त्याची योजना होती. २०१८ सालीं ती भागीदारीच गुंडाळण्यांत आली. भागीदारी कोणत्या कारणानें मोडली हा आमचा विषय नव्हे. परंतु वाहनाचें आयुष्य दहा वर्षांचें आणि तें करणाऱ्या संस्थेचें आयुष्य तीन वर्षांचें, असें होऊं शकतें, हा धडा प्रत्येक घेणारानें लक्षांत ठेवावा.

अमेरिकेंतील शेतकऱ्यांचा दुसरा लढा आपणांस अधिक उपयोगी आहे. तेथील नव्या ट्रॅक्टरांत संगणक बसलेला असतो आणि त्याचें कुलूप उघडण्याचें साधन अधिकृत विक्रेत्याजवळच असतें. मिस्त्री गांवांत असून उपयोग नाहीं. पीक उभें असतां विक्रेत्याच्या माणसाची वाट पहावी लागते. या जाचाविरुद्ध शेतकऱ्यांनीं चळवळ केली आणि कोलोरॅडो राज्यानें २०२३ सालीं शेती यंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. त्याचा अंमल १ जानेवारी २०२४ पासून सुरूं झाला. कारखानदारानें सुटे भाग, माहिती व हत्यारें शेतकऱ्यास आणि स्वतंत्र मिस्त्रीस योग्य किंमतीनें दिलीं पाहिजेत, हें त्याचें सार. जानेवारी २०२५ मध्यें तेथील केंद्रीय व्यापार आयोगानें जॉन डिअर कंपनीवर याच प्रश्नावरून खटला भरला. आपल्या केंद्र सरकारनेंही जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं समिति नेमली, तिच्या विषयांत शेतीचीं अवजारें घातलीं, आणि २४ डिसेंबर २०२२ रोजीं त्यासाठीं एक संकेतस्थळ उघडलें. ही दिशा योग्य आहे. परंतु संकेतस्थळावर माहिती असणें निराळें आणि पौडच्या बाजारांत सील मिळणें निराळें.

आपल्याच प्रांतांतील एक जुना दाखला येथें आठवतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली आणि तेथें लोखंडी नांगर करावयास आरंभ केला. लोखंडानें जमीन विषारी होते, अशी समजूत असलेल्या शेतकऱ्यांत तो नांगर हळूहळू रुजला. तो रुजण्याचीं कारणें अनेक असतील. त्यांतील एक आमच्या मतें असें कीं त्याचा झिजणारा फाळ बांधावर बसून, एका पान्यानें, शेतकऱ्यास स्वतः बदलतां येतो. यंत्र खेड्यांत टिकतें तें त्याच्या शक्तीमुळें नव्हे, तर तें खेड्यांत दुरुस्त होतें म्हणून. विहिरीवरचें ऑईल इंजिनही याच कारणानें घरोघर पोहोंचलें: त्याचा मिस्त्री दर चार गांवांत एक तयार झाला होता.

म्हणून आमची सूचना अशी आहे कीं, येत्या खरेदीच्या हंगामापूर्वीं संघानें सभासदांची यादी करावी. अनुदान ज्याच्या त्याच्या नांवावर मिळतें, तेव्हां बिलें निरनिराळीं होतील, त्यास हरकत नाहीं. परंतु शर्ती एकत्र ठरवाव्या. एकटा शेतकरी विक्रेत्याच्या दुकानांत छापील कागदावर अंगठा करितो किंवा सही करितो; तीस शेतकरी एकत्र गेले तर कागद बदलतां येतो. शर्ती पुढीलप्रमाणें असाव्या.

पहिली: हमी महिन्यांची नसून दोन पूर्ण खरीप हंगामांची असावी, व तिची मोजणी पहिल्या चिखलणीपासून व्हावी. दुसरी: जूनच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत तक्रार पोहोंचल्यावर तीन दिवसांच्या आंत मिस्त्री बांधावर आला पाहिजे; आणि यंत्र त्या मुदतींत चालूं होत नसेल तर बदली यंत्र मिळालें पाहिजे. तिसरी: झिजणाऱ्या भागांची यादी मराठींत, किंमतींसह, बिलास जोडलेली असावी, आणि सील जाऊन आंतील भाग बिघडला तर शेतकऱ्याची हयगय झाली हें दाखविण्याची जबाबदारी विक्रेत्याची असावी. चौथी: सील, बेअरिंग, बेल्ट, क्लचच्या चकत्या, पातीं, तारा यांचा सांठा मे अखेरपासून पौड येथें संघाच्या गुदामांत विक्रेत्यानें ठेवावा, उरेल तो ऑगस्टमध्यें परत न्यावा. पांचवी: प्रत्येक खोऱ्यांतील दोन तरुणांस कंपनीनें दुरुस्तीचें शिक्षण द्यावें, आणि त्यांनीं केलेल्या दुरुस्तीमुळें हमी बाद होऊं नये.

या शर्तींनीं यंत्राची किंमत वाढेल, अशी शंका कोणी घेईल. थोडी वाढेलही. परंतु हंगाम बुडाल्यानें जें नुकसान होतें तें या वाढीच्या मानानें किती, हें ज्याचा हंगाम बुडाला आहे त्यासच विचारावें. दुसरे कोणी म्हणतील कीं, अशा शर्ती कोणती कंपनी मान्य करणार? आमचें उत्तर असें कीं, ज्या कंपनीस आपल्या यंत्राची खात्री आहे ती करील. आणि एकही करीत नसेल तर आपण काय विकत घेत आहों याचा उलगडा त्यांतच होईल.

संघानेंही कांहीं कर्तव्यें पत्करलीं पाहिजेत. अवजारांची बँक काढण्यास सरकारी योजनेंत अनुदान मिळतें. अशा बँकेंत एक यंत्र भाड्यानें न देतां राखून ठेवावें, म्हणजे ज्याचें यंत्र बंद पडलें त्याची आवणी अडणार नाहीं. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यांत सर्व यंत्रें एका ठिकाणीं आणून चालवून पहावीं. जो दोष मे महिन्यांत सांपडतो तो केवळ खर्चाचा असतो, जुलैंत सांपडतो तो नुकसानीचा असतो. आणि प्रत्येक सभासदानें एक वही घालावी: यंत्र कोणत्या दिवशीं किती तास चाललें, तेल केव्हां बदललें, आवाज केव्हां आला, फोन केव्हां केला, उत्तर काय मिळालें, मिस्त्री केव्हां आला. बिघडलेल्या भागाचें आणि पांढऱ्या झालेल्या तेलाचें छायाचित्र काढून ठेवावें. जुना भाग मिस्त्रीस देऊन टाकूं नये. विक्रेत्याशीं बोलणें तोंडीं झालें तरी त्याच दिवशीं तें लिहून पाठवावें. ही वही आयोगापुढें पुरावा होईल. त्याहून महत्त्वाचें म्हणजे, तीस वह्या एकत्र ठेवल्या तर कोणत्या यंत्राचें सील चार दिवसांत जातें आणि कोणत्याचें चार वर्षें टिकतें, हें छापील जाहिरातीपेक्षां अधिक खरेपणानें कळेल. अशा वह्यांचा गोषवारा प्रतिवर्षीं या मासिकांत देण्याची व्यवस्था आम्ही आनंदानें करूं.

मावळ-मुळशींत इर्जिकीची चाल जुनी आहे. एकाच्या शेतावर सर्वांचे बैल जमावयाचे, दिवसांत काम उरकावयाचें, आणि संध्याकाळीं त्याच्या घरीं सर्वांनीं जेवावयाचें. बैल गेले, आणि त्यांच्याबरोबर इर्जिकही बहुतेक गेली. कारण यंत्र ज्याचें त्याचें असतें आणि त्याच्या बिघाडाचें दुःखही ज्याचें त्यानें एकट्यानें सोसावें, असें आपण समजून चाललों आहों. ही समजूत सोडली पाहिजे. यंत्र एकट्याच्या गोठ्यांत राहो. त्याची हमी मात्र सर्वांनीं मिळून घ्यावी आणि सर्वांनीं मिळून वसूल करावी. दिवाळीनंतर होणाऱ्या संघाच्या सभेंत हा विषय घ्यावा, अशी आमची चालकांस विनंती आहे. सभासदांनीं त्या सभेस येतांना आपापलें हमीपत्र बरोबर आणावें. पुष्कळांच्या हातून तें आजपर्यंत एकदांही वाचलें गेलेलें नसेल. तें वाचण्यापासूनच आरंभ करूं.